हुरड्याला बोलावलेली पाच मतं

माझा रविंद्र विमान चालवतो, ही गोष्ट आमच्या गावाला जुनी झाली होती. आता विमान गेलं तर कोणी वर मान करूनसुद्धा बघत न्हाई. पण दोन दिवाळ्यांमागं तो त्याच्या कंपनीतल्या पायलट लोकांच्या संघटनेचा अध्यक्ष झाला, तेव्हा मात्र जवळा बाजारच्या फाट्यावर बॅनर लागला. विमान चालवणं म्हणजे शेवटी डायवरकीच की. अध्यक्ष म्हणजे अध्यक्ष, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाबी कळतं.

बॅनरवर रविंद्र टोपी घालून हसून राहिलाता, मागं विमान, अन् खाली कोपऱ्यात माझा फोटो, 'माजी सरपंच शालूबाई'. मालकांचा फोटो न्हवता. आमचे मालक म्हणजे ग्यानोबा. त्यांना म्हणलं, तुमचा फोटो राहिला की. तर म्हणतात, "मला काय, सगळे ओळखतात." असा माणूस. चाळीस-पंचेचाळीस वर्षं मी त्यांच्या वाट्याचं बोलून राहिले.

बॅनर दोन महिने टिकला. वाऱ्यानं एक कोपरा सुटला तसा मी जीपवाल्या संतरामला सांगून तो खाली उतरवला, हौदावर धुतला, घडी घालून कोठीवर ठेवला. पोराचं तोंड नालीत लोळायला मी ठेवणार न्हवते.

या पौषात रविंद्र हुरड्याला आला. एकटाच. बायको-लेकरं हैदराबादला, लेकरांच्या परीक्षा. दरसाली आला की आधी चपला काढून वावरात जाणारा पोरगा, या वेळेला ओसरीतच बसून राहिला. फोन पालथा घालून ठेवायचा. फोन थरथर करायचा, हा त्याच्याकडं बघायचा, अन् पुन्हा भिंतीकडं. सपनानं, माझ्या धाकट्या सुनेनं, थालीपीठ केलं, त्यातलं अर्धं त्यानं गायीला घातलं.

"दुखून राहिलं का काही?" मी विचारलं.

"न्हाई आई."

"मग सासरवाडीचं काही?"

"न्हाई गं."

दुसऱ्या दिवशी गोठ्यामागं उभा राहून तो कोणाशी तरी फोनवर बोलत होता. निम्मं इंग्रजी, निम्मं हिंदी, मला त्यातलं काही उमजलं न्हाई. पण एक शब्द उमजला. 'अविश्वास'. तो शब्द मला झोपेतबी ऐकू येतो. मी शेणाची पाटी तिथंच खाली ठेवली.

"कोणावर अविश्वास?"

त्यानं फोन खिशात घातला. लपवण्यासारखं काही राहिलं न्हाई हे त्याला कळलं असंल.

"माझ्यावर."

मग त्यानं सांगितलं. पायलटला दोन फेऱ्यांच्या मधी विसावा किती द्यायचा, रात्रीची विमानं किती उतरवायची, याचा नवा नियम आला होता. पहिल्यापेक्षा बरा. कंपनी म्हणाली, आमच्याकडं माणसं कमी हायत, सहा महिने थांबा. ह्यानं अध्यक्ष म्हणून सही केली, थांबतो म्हणून. सहा महिने सरले. कंपनी आता म्हणते, आणखी थांबा.

"पोरं म्हणतात, अध्यक्ष विकला गेला."

"गेला का?"

"आई."

"मी विचारून राहिले. हो म्हण नाहीतर न्हाई म्हण."

"न्हाई."

"मग त्यांना तसं सांग की."

"काय तोंडानं सांगू? विमानं रद्द होतील, लोकांचे हाल होतील, म्हून मी थांबलो. आता हातात दाखवायला काहीच न्हाई." तो गायीच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. "कमिटीत आमी अकरा जण. सहा विरोधात गेले की मी गेलो. रविवारी मतदान हाय."

अकरा म्हणजे आमच्या ग्रामपंचायतीएवढीच माणसं. आता मला सगळं बराबर दिसायला लागलं.

माझ्यावर अविश्वास आणला होता रूपाबाईनं. गल्लीतलीच, आजबी मला बघून पदर झटकते. तेव्हा मी काय केलं, तर मेंबर लोकांना संतरामच्या जीपमदी घातलं अन् सहलीला नेलं. आमच्याकडची रीतच हाय ती, ठराव आला की मेंबर सहलीला. आधी माहूर, मग तिकडून थेट तिरुपती. जीपमदी बसायच्या आधी सगळ्यांचे मोबाईल पिशवीत. मतदानाच्या दिवशी तहसीलदाराच्या पुढं मी एकेक मेंबर उतरवला, सगळ्यांची डोकी तुळतुळीत. रूपाबाईला तिचे कोणते अन् माझे कोणते ओळखू येईनात. ठराव पडला.

रविंद्रला हे सांगून उपयोग न्हवता. शिकलेल्या माणसाला अशा वेळी लाज आडवी येते. मी माझ्या मनाशीच ठेवलं.

अन् दुसऱ्या सकाळी फोनच चालून आला. रविंद्र अंघोळीला गेला होता, फोन चुलीपाशी चार्जिंगला. मी उचलला.

"कॅप्टन रविंद्र?" बाईमाणसाचा आवाज.

"त्याची आई बोलून राहिले. तो अंघोळीला गेला."

"आजी, ते रोजच अंघोळीला असतात का हो? दोन महिने झाले, आमचा एक फोन उचलला न्हाई त्यांनी."

मला ती तिथंच आवडली. "कोणत्या गावची तू?"

"वाशिमची. पुनम नाव माझं. मीही पायलटच आहे."

"वाशिमची म्हून जीभ अशी हाय. तूच का अविश्वास आणणारी?"

ती जराशी थांबली. मला वाटलं आता न्हाई म्हणंल.

"हो आजी. मीच."

"मत कुठं द्यायचं असतं तुमच्यात?"

"कुठं न्हाई, मोबाईलवरच. रविवारी संध्याकाळी सहाच्या आत."

मोबाईलवर मत. तहसीलदार न्हाई, हात वर करणं न्हाई, समोरच्याचं तोंड बघणं न्हाई. "किती जण हाव तुमी?"

"पाच जण पक्के आहोत. सहावा ऐन वेळेला येईलच."

"बाई, मत द्यायच्या आधी माणसाच्या तोंडाकडं तर बघाल का न्हाई? तो इथंच हाय. रविवारी सकाळी हुरड्याला या, पाचीच्या पाची. मी त्याला तुमच्या समोर बसवते. मग काय बोलायचं ते बोला."

"खरंच बसवाल?"

"शालूबाईनं बसवते म्हणलं अन् माणूस बसला न्हाई, असं अजून झालेलं न्हाई."

पलीकडं ती कोणाशी तरी बोलली. मग म्हणाली, नांदेडपर्यंत विमानानं येतो, पुढं कसं यायचं? मी म्हणलं, पुढची जीप माझी.

संतरामला मी त्याच दिवशी गाठलं. आता केस पांढरे झाले त्याचे, पण जीप तीच. त्यानं दुसरं काही विचारलं न्हाई. "मेंबर कुठं उतरवायचे वैनी?"

"आखाड्यावर."

"अन् मोबाईल?"

"तेच पहिलं काम."

आमचा आखाडा, म्हणजे वावरातला गोठा, गावापासून आत हाय, हळदीच्या वावराला लागून. पत्र्याचं शेड, म्हैस बांधायची जागा, एक मोठं लिंबाचं झाड, अन् बाजूला कडब्याची गंजी. रविवारी सकाळी मी रविंद्रला म्हणलं, चल, हुरडा भाजायचा. सपनानं आगटी पेटवली, गोवऱ्यांचा धूर निघाला, ज्वारीची कणसं कापून आणली. रविंद्र कणसं निखाऱ्यात खुपसून राहिलाता, जरा खुशीत दिसला. तेवढ्यात जीप आली.

पायलट म्हणजे बॅनरवरच्या रविंद्रासारखे असतील असा माझा अंदाज होता. जीपमधून उतरली ती साधी पोरं. चार पोरं अन् एक पोरगी. डोळ्याखाली काळं, तोंडं उतरलेली. एकाच्या गळ्यात कंपनीचं कार्ड तसंच लोंबून राहिलं होतं. तो सुरज, लातूरचा. बाकी तिघं हिंदी बोलणारे. पुनम उंचापुरी, केस आवळून बांधलेले, पण चालताना पाय उचलावेत तसे उचलत न्हवते.

संतराम माझ्या कानाशी आला. "वैनी, नांदेडपासून एक शब्द कोणी बोललं न्हाई. चांगलेच रागात हायत."

मग तो दुरडी घेऊन त्यांच्यापुढं उभा राहिला. "मोबाईल इथं टाका बरं का. आगटीची राख आत जाते. मागच्या साली गुरुजींचा नवा कोरा फोन गेला."

कोणत्या गुरुजींचा ते त्यालाच ठाऊक. हिंदीवाल्यांनी टाकले. सुरजनं टाकला. पुनमनं हातातच धरला.

"सुट्टी असली तरी कंपनीचा फोन येतो," ती म्हणाली. "ड्युटी बदलली, लवकर या, उशिरा या."

"राख गेली तर फोनच राहत न्हाई, मग ड्युटी कुठली," संतराम म्हणाला.

तिनं शेवटी टाकला. मी दुरडीवर फडकं घातलं अन् गंजीच्या मागच्या अंगाला, कडब्याच्या आत सरकवली.

रविंद्र आगटीपाशी उभाच होता. हातातलं कणीस जळून काळं झालं.

"आई, हे काय केलंस?"

"पाहुणे हायत. बस."

त्यानं सगळ्यांना नमस्कार केला, हिंदीत काहीबाही बोलला, अन् म्हणाला, "बसा तुमी, खा. बाबा एकटेच मोटर बघायला गेलेत, मी आलोच." अन् हळदीच्या सरीतून निघाला. पाठ वळवून. मोटर चालूच होती, पाण्याचा आवाज इथवर येऊन राहिलाता.

मी पाच माणसांना शब्द दिला होता. पुनमनं माझ्याकडं नुसतं बघितलं. बोलली असती तर बरं झालं असतं.

"येईल," मी म्हणलं. "खा तवर."

सपना गरम कणसं हातावर चोळून दाणे काढत होती. शेंगदाण्याची चटणी, लसणाची चटणी, दही, गूळ. पोरं खायला लागली तशी तोंडं जरा उघडली. एक हिंदीवाला चटणीनं डोळ्यातून पाणी काढून पुन्हा तीच मागून राहिलाता. पुनमनं सपनाच्या हातचं कणीस घेतलं अन् स्वतःच चोळायला लागली, फुंकर मारून भुसा उडवला.

"शिकवलं कोणी?"

"आमच्या आजीनं. आमचंही वावर आहे, आजी."

"मग कणसं सोडून विमानात काहून गेलीस?"

"तुमचा पोरगा काहून गेला?"

मी हसले. मग सरळच विचारलं. "तुझं अन् त्याचं वैर काय?"

"वैर न्हाई." ती दाण्यांकडं बघत बोलून राहिली. "मी कंपनीत आले तेव्हा त्यांच्या शेजारी बसूनच शिकले. अध्यक्षपदाला त्यांचं नाव मीच सुचवलं. म्हणूनच जास्त लागतं." मूठभर दाणे तिनं हातात घेतले. "आजी, मागच्या महिन्यात पहाटे विमान उतरवत होते. समोर धावपट्टीचे दिवे दिसत होते. अन् मग दिवे एकदम मोठे झाले. मधलं काही आठवत न्हाई मला. दोन-तीन सेकंदच. शेजारचा जागा होता म्हणून बरं. मागं एवढी माणसं बसलेली. कोणाला काही कळलंही न्हाई, टाळ्या वाजवून उतरले. मी संघटनेला कळवलं. अध्यक्षांचा निरोप आला, थोडं थांबा."

हातातले दाणे तिनं खाल्ले न्हाईत.

"सुरजचं तर..." म्हणून तिनं तिकडं बघितलं. सुरज लिंबाला टेकून बसला होता. हुरड्याची मूठ तशीच, दाणे बोटातून गळून राहिलेते. डोळे मिटलेले.

बाकी तिघांचंबी तेच. एक आडवा झाला, दुसरा त्याच्या पोटावर डोकं ठेवून. पौषाचं ऊन कोवळं, पोटात हुरडा अन् दही, वर लिंबाची सावली. पुनम म्हणाली, "मी जागी आहे. ते आले की उठवते यांना." असं म्हणून गुडघ्यावर हनुवटी ठेवली. जराशानं तिची मान कलली.

मी सपनाला घरी पाठवलं, वाकळा आण म्हणलं, अन् कोठीवरचा बॅनरबी आण, खाली ओल हाय. तिनं आणला. मी बॅनर फोटो खाली करून अंथरला, पोराच्या तोंडावर कोणाचे पाय नको अन् पोराचं तोंड बघून कोणाला जाग नको. वर वाकळ. आमी दोघींनी एकेकाला सरकवून त्यावर घेतलं. पुनमला धरलं तर ती मुटकुळं करून माझ्याच अंगावर आली. सुरजचा एक हात झोपेत खिशाकडं गेला, चाचपला, फोन सापडला न्हाई. मग तो कुशीवर वळला अन् असा श्वास सोडला की मला वाटलं पोरगं किती दिवसांचं धरून बसलं होतं.

"आत्याबाई," सपना हळू म्हणाली, "गंजी वाजून राहिली."

खरंच. कडब्यात फोन वाजत होते, एक थांबला की दुसरा. म्हैस रवंथ सोडून गंजीकडं बघून राहिली. सपनानं वर आणखी चार पेंढ्या टाकल्या.

संतराम खूश. "वैनी, तिरुपतीची गरजच न्हाई. हे काही सहाच्या आत उठत न्हाईत. ठराव पडला म्हणा."

"हळू बोल."

मला आनंद व्हायला पाहिजे होता. मी पदरानं माशा हाकत बसले. रविंद्र फौजेत विमान शिकत होता तेव्हा पहिल्या सुट्टीला आला, ओसरीत बूट न काढताच झोपला होता. भेटायला आलेले लोक दारातून परत पाठवले होते मी. कलेक्टर आला असता तर त्यालाबी पाठवला असता. आता या पाचांच्या आया कुठं कुठं बसल्या असतील, पोरगं विमान चालवतं म्हून गल्लीला सांगत. त्यांना काय ठाऊक, दिवे एकदम मोठे होतात.

उन्हं कलली तेव्हा बापलेक सरीतून परत आले. मालकांनी लांबूनच बघितलं अन् चपला काढून हातात घेतल्या. आवाज होऊ नये म्हून. माझ्याकडं बघून नुसती मान हलवली अन् शेडमधून घोंगडी आणायला गेले. रविंद्र मात्र बॅनरच्या कडेला येऊन उभा राहिला.

"कधीपासून?"

"तू मोटर बघायला गेलास तेव्हापासून."

तो खाली बसला. बराच वेळ बघत राहिला. सुरजच्या गळ्यातलं कार्ड त्याच्या मानेला रुतत होतं, ते रविंद्रनं दोन बोटांनी हळूच सरकवलं.

"हा रात्री उडवून आला असंल," तो म्हणाला. "कार्ड काढायचंबी सुचलं न्हाई."

"पुनमनं मला दिव्यांचं सांगितलं."

त्यानं कार्डावरची बोटं काढून घेतली. मग म्हणाला, "मी सहा महिन्यांत रात्रीचं एकबी विमान उतरवलं न्हाई आई. अध्यक्षाला कंपनी दिवसाचीच ड्युटी देते. मी मागितली न्हवती, त्यांनी दिली. मी घेतली." हात चोळले त्यानं. "कसं असतं ते विसरलो मी."

घड्याळात बघितलं, मग इकडंतिकडं. "यांचे फोन कुठं हायत?"

मी सांगितलं. त्यानं गंजीकडं बघितलं, म्हशीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"आई, ही ग्रामपंचायत न्हाई."

"माणसं तशीच असतात."

"उठवतो त्यांना. सहा वाजायला आले. मत द्यायचा हक्क हाय त्यांचा."

तो उठायला लागला तसा मी त्याचा हात धरला. घट्ट धरला. "उठवून तर बघ."

"न्हाई उठवलं तर मी जिंकतो, कळतंय का तुला? माझी खुर्ची राहते."

"खुर्चीसाठी म्हणून राहिले का मी?"

"मग काहून?"

सकाळपर्यंत खुर्चीसाठीच होतं. तेवढं मी त्याला सांगितलं न्हाई. पुनमचं तोंड जरासं उघडं होतं, लहान लेकराचं असतं तसं, अन् गालाला ज्वारीचं एक कुसळ चिकटलं होतं. "झोपू दे रे," मी म्हणलं. "कसं करायचं ते तू कर. अध्यक्ष तू हायस का मी?"

तो माझ्याकडं बघत राहिला. मग स्वतःचा फोन काढला, चार पावलं लांब गेला. त्याचा आवाज मला ऐकू येऊन राहिलाता, या वेळेला मराठीतच बोलून राहिलाता, पलीकडचा त्याच्याच बाजूचा कोणी असावा.

"मतदान उद्यावर घे... कारण लिही, पाच मेंबर झोपलेत... हो, झोपलेत. माझ्या घरी... न्हाई, उठवणार न्हाई... ठाऊक हाय मला, आज घेतलं तर ठराव पडतो. म्हणूनच म्हणतो, उद्यावर घे."

मालकांनी सगळ्यांवर घोंगडी घातली. थंडी पडायला लागली तशी रविंद्रनं आगटीत गोवऱ्या सारल्या, वारा त्यांच्याकडून येईल अशा बाजूला बसला, धूर आपल्या अंगावर घेत. पाठीमागून मला तो पुन्हा शाळेतला दिसला. संतराम चिडून जीप पुसत बसला होता.

दिवेलागणीला पुनम जागी झाली. एकदम उठून बसली, खिसा चाचपला, आभाळाकडं बघितलं.

"किती वाजले?"

"सात होऊन गेले," रविंद्र म्हणाला.

तिचं तोंड पांढरं पडलं. मग तिनं माझ्याकडं बघितलं. असं बघितलं की मी दुसरीकडं बघायला लागले, अन् मी कोणाकडं बघायचं टाळत नसते.

"हुरड्याची राख, आजी?"

मी काही बोलायच्या आत रविंद्रनं दुरडी तिच्यापुढं ठेवली. "मतदान उद्या हाय. पुढं ढकललं. तू झोपलीस म्हून काही गेलं न्हाई." मग आगटीच्या पलीकडं, तिच्या बराबर समोर, मांडी घालून बसला. "आता बोल. मी कुठं जात न्हाई."

ती त्याला बोलली. सुरज उठला, तोबी बोलला. हिंदीवाले उठले, ते तर दोघं एकदमच बोलायला लागले. मला सगळं कळलं न्हाई, पण राग कळायला भाषा लागत न्हाई. सपनानं पिठलं-भाकरी आणली, ती गार झाली. रविंद्रनं मान खाली घातली न्हाई अन् मधी तोंड घातलं न्हाई. एकदाच म्हणाला, "दिव्यांचं तू कळवलं तेव्हा मी यायला पाहिजे होतं तुझ्याकडं." पुनमनं हात झटकले. भाकरीचा तुकडा मोडला अन् त्याच्यापुढं ताट सरकवलं.

त्या रात्री पाचीजण आमच्याच घरी झोपली. सकाळी अंगणात चहा झाल्यावर मत द्यायला सगळ्यांनी फोन काढले, अन् नेमकी तेव्हाच रेंज गेली. एक छपराकडं हात करून उभा, एक हौदावर चढलेला.

"काय ते नाचून राहिले," मी म्हणलं. "एकमेकांसमोर बसलात ना? हात वर करा आधी. मोबाईलवर मग द्या सावकाश. अविश्वासाच्या बाजूनं कोण?"

पाच हात वर झाले. पुनमचा सगळ्यात शेवटी, पण सरळ. मी मनातल्या मनात म्हणलं, पाचच हायत, सहावा कुठं हाय.

रविंद्रनं हात वर केला.

पुनमचा हात खाली यायला लागला. "सर, तुमी कशाला."

"मलाबी अध्यक्षावर विश्वास राहिला न्हाई," तो म्हणाला, अन् गावाला आल्यापासून पहिल्यांदा बॅनरवरच्यासारखा हसला. "हात वर ठेव. तुझं नाव सुचवायचं हाय मला, या वेळेला माझी पाळी."

तेवढ्यात माझं लक्ष मालकांकडं गेलं. त्यांनीबी हात वर केला होता.

"तुमचं मत न्हाई यात," मी म्हणलं.

"असू दे," ते म्हणाले. "बरं वाटलं."

त्याला आता महिना दीड महिना झाला. पुनम अध्यक्ष हाय. विसाव्याचं कंपनीशी अजून भांडून राहिलेत, कंपनी अजून थांबा म्हणून राहिली, पण पोरं आता थांबून राहिली न्हाईत. रविंद्र रात्रीची विमानं उतरवतो. उतरवलं की फोन करतो, "आई, आता झोपतो," अन् मी म्हणते, "मग फोन काहून करतोस, झोप."

जवळ्याच्या बाजारात रूपाबाई भेटली. वांगी चाचपत म्हणाली, "रविंद्राचं अध्यक्षपद गेलं म्हणं."

"गेलं न्हाई. त्यानं दिलं."

"बॅनर वाया गेला मग."

"वाया कसा जाईल. हळद शिजवली की त्याच्यावरच वाळवायची हाय. तुझ्याकडं असला तर दे एखादा," मी म्हणलं. तिच्या घरात कोणाचाच लागला न्हाई आजवर.

परवा पुनमचा फोन आला. पुढच्या पौषात सगळी कमिटी हुरड्याला येतो म्हणते, अकराच्या अकरा. "आजी, संतरामकाकांना सांगा, फोन जीपमदी बसायच्या आधीच घ्या म्हणावं. नांदेडपासूनच झोपतो."

ती दुरडी मी आता वेगळी टांगून ठेवली हाय. सपनानं परवा तिच्यात बोरं भरली, तर मी रागावले तिला.